सुई अडकायची ती जागा

३ ऑक्टोबर

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

मी न्हाणीत चादरी पिळत होते, तुमचे दादा आरशापुढे तोंडाला साबण फासून उभे होते आणि बाहेरच्या खोलीत तबकडी फिरत होती. कुठली सकाळ म्हणाल, तर कुठलीही. सुई नेहमीच्या जागी अडकली आणि तो गाणारा एकच तुकडा पुन्हापुन्हा घोटू लागला. हे तसेच साबणाच्या तोंडानं धावले, बोटानं सुई उचलली आणि पुढे नेऊन टेकवेपर्यंत मधला तुकडा स्वतःच गायले. तबकडी पुढे चालू झाली, हे परत आरशापुढे. मी आतून ओरडून विचारलं की सुईला साबण लागला का, तर म्हणाले, गाणं धुतलेलं बरं.

हे काल दुपारी काजं करता करता आठवलं आणि हातातली सुई थांबली. वन्सं, सगळं आठवलं, पण माझ्याच आवाजात. चेहऱ्याचं बरं असतं, भिंतीवर फोटो आहे. डेपोतला कोट खुंटीवर आहे, त्याला अजून ग्रीसचा वास येतो. आवाज मात्र कुठेच ठेवलेला नाही. हे काय काय बोलायचे ते मी घडाघडा सांगेन, पण ते बोलतात ते माझ्या तोंडून. हे गेल्यापासून सव्वा वर्षात एवढं निसटलं, पुढे काय राहणार? भीती वाटते ती ह्याचीच.

तबकडी लावून बघावी म्हणाल, तर ती मी लावत नाही. सुई अडकली की उचलायला कोण येणार?

तुमच्या पाठदुखीचं कळवा. वॉर्डातल्या खाटा एकटीनं सरकवत जाऊ नका.

लोभ आहेच, तो जरा जास्त असू द्या.
तुमची,
वहिनी


११ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान आणि तू मला अहो-जाहो करून स. न. वि. वि. लिहितेस! पुढच्या पत्रात आशीर्वाद आले नाहीत तर पत्र परत पाठवीन.

आता भांडण पुरे. सोबत दोन तिकिटं आहेत. आपल्या तबकडीवरचा तो टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा ऑपेरावाला, तुझ्या गावच्या मोठ्या नाट्यगृहात येतोय. म्हातारा झालाय, हा त्याचा शेवटचा दौरा. आणि खेळ तोच, ज्यातलं ते गाणं आहे. पेपरात वाचलं आणि हातातला थर्मामीटर खाली पडायचा राहिला. दुपारचा खेळ आहे. मी सकाळच्या गाडीनं येते. दोघी शेजारीशेजारी बसू आणि त्या जागेला एकमेकींचा हात धरू. मला वाटतं, ते गाणं पुरं ऐकलंस की दादाचा आवाज आपोआप येईल त्याच्या मागोमाग. नाही म्हणू नकोस, तिकिटं परत घेत नाहीत.

दादाचा तो मधला तुकडा मी वॉर्डात गुणगुणते. पेशंट दाद देत नाहीत. बहुतेक गुंगीत असतात.

ती निळी शाल नेस नाहीतर पांघर, पण कपाटाबाहेर काढ.

तुझ्या मायेची हक्कदार,
धाकटी


२ नोव्हेंबर

चि. धाकट्या वन्संना,
अनेक उत्तम आशीर्वाद. (झालं समाधान?)

वॉर्डात तापाची साथ आली आणि तुम्हाला सुटी मिळाली नाही, ह्याचा राग धरलेला नाही. शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांना एवढा वेळ बसवत नाही. तेव्हा तुमच्या खुर्चीवर मी शाल ठेवली. रिकामी जागा पाहून एक बाई सरकायला लागल्या, त्यांना सांगितलं की माणूस येणार आहे.

वाचनालयातून पुस्तक आणून गोष्ट आधीच वाचली होती. सैनिक लढाईवरून घरी परततो. बायको वारली हे त्याला ठाऊक नसतं. दार लावलेलं असतं, तर ती रुसली असेल असं समजून तो बाहेर उभा राहून तिला गाणं म्हणतो. ते हे गाणं. इतकी वर्षं आपण त्याला दाढीचं गाणं समजत होतो. ह्या गायकीला बेल कांतो म्हणतात, म्हणजे सुंदर गाणं, असंही पुस्तकात होतं. इतकं साधं नाव ठेवलंय ते मला आवडलं.

पडदा वर गेला आणि आले ते एक बुटके, पोट सुटलेले, केस रंगवलेले गृहस्थ. तलवार पायात अडकत होती. सैनिक काही वाटेना. मग त्यांनी तोंड उघडलं. वन्सं, माणूस कुठे म्हणून ओरडला नाही. आवाज दोऱ्याएवढा बारीक काढला, तो तसाच धरून भरत भरत नेला आणि पुन्हा दोऱ्याएवढा करून सोडला. श्वास कधी घेतला ते कळू दिलं नाही. भराभर सूर उतरायचे, त्यातलाही एकेक सुटा ऐकू येत होता. मी आयुष्यभर काजं केली, म्हणून मला ते दिसलंच: टाक्याला टाका लागून, मध्ये फट नाही आणि गाठही नाही. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत कुणी खोकलं नाही. पोट, केस, तलवार सगळं विसरायला झालं. दारापुढे खरंच कुणीतरी उभं होतं, आणि आत कुणी नाही हे त्याच्याखेरीज आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग ती जागा आली. मी तुमच्या खुर्चीवरच्या शालीला हात लावला. आणि वन्सं, ते वर गेले. आपला तुकडा खाली उतरतो ना, जिना उतरल्यासारखा? तो तसा नाहीच. तिथे त्यांनी सूर वर चढवला, हलकेच, आणि तिथेच राहू दिला. तुमचे दादा इतकी वर्षं चुकीचं गात होते. वरचा सूर पोचत नसणार, म्हणून खाली उतरले, आणि तबकडीवरची ती जागा आपण कधी ऐकलीच नव्हती, तेव्हा आपल्या सगळ्या घराला तेच पाठ झालं.

पण मला हे नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या तोंडातून आपला खालचा तुकडा बाहेर पडला होता. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी मागे वळून असं पाहिलं की मी शालीत तोंड घातलं. आणि शालीच्या आत मला ह्यांचा आवाज ऐकू आला. स्पष्ट. जरा घोगरा, साबण तोंडात जाऊ नये म्हणून ओठ अर्धे मिटून गायलेला. गाणारे वर होते, हे खाली होते, म्हणून वेगळे ऐकू आले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, मनापासून. असं गाणं पुन्हा ऐकायला मिळणार नाही. पण घरी येऊन कुलूप काढेपर्यंत ह्यांचा आवाज परत गेला होता. खूप वेळ दाराशी उभी राहिले.

जिव्हाळा असाच चालू ठेवा. पाठ शेका.
वहिनी


९ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र ड्यूटीवर वाचलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडले, मग हसले. दादा चुकत होता! मला मेल्यानं हार्मोनियमला हात लावू दिला नाही, म्हणे तुला कान नाही!

वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी नवीन तबकडी मिळवून दिली. तोच गाणारा, तेच गाणं, एकही ओरखडा नाही. आजच पार्सल केली आहे. आता सुई उचलायला कुणी लागणार नाही. जुनी टाकून दे, तुझा जीव उगीच तिच्यात अडकतो.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
धाकटी


१७ नोव्हेंबर

चि. वन्संना,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल काल पोचलं. तुम्ही एवढ्या धावपळीत आठवण ठेवून मिळवलीत, डॉक्टरांनाही माझा नमस्कार सांगा. लगेच लावली. मी चादरी पिळत होते. सुई कुठेही थांबली नाही. गाणारे त्या जागेवर आले, वर गेले, राहिले, गाणं संपलं. फार सुंदर आहे. चादरी पिळून झाल्या, वाळत घातल्या, आणि घरात पाऊल वाजलं नाही. ते इतकं सरळ गेलं की ह्यांना आत यायला जागाच उरली नाही. तुमचा काही दोष नाही त्यात. नवी जपून ठेवली आहे. तुम्ही याल तेव्हा दोघी ऐकू आणि त्यांची वाहवा करू.

सांभाळून राहा, आणि ह्या वहिनीवरचा लोभ आहे तसाच राहू द्या.
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं लिहिते. आज सकाळी मी जुनी तबकडी लावली. सुई अडकली. मी ओल्या हातानं ती उचलली आणि पुढे टेकवेपर्यंत मधला तुकडा, ओठ अर्धे मिटून, खालच्या सुरात म्हटला.