घरचा खर्च, तुझा खर्च

३ मार्च
कार्डाचं बिल आलं. म्हणजे आज जेवणानंतर माझी उलटतपासणी! कार्ड नवऱ्याचं, माझ्याकडे त्याला जोडलेलं दुसरं. लॅपटॉपवर त्याने दोन रकाने पाडलेत — ‘घरचा खर्च’ आणि ‘तुझा खर्च’. साबण घरचा. माझा चष्मा माझा. म्हटलं, त्याच चष्म्यातून तुझ्या आईच्या गोळ्यांची नावं वाचते मी. तर म्हणे, विषय भरकटवू नकोस.
त्याच्या खर्चाला रकानाच नाही. विचारलं नाही. विचारून काय होणार?

७ मार्च
दूध, भाजी, बल्ब. पावत्या जपून ठेवल्या. शहाणी मुलगी!

१२ मार्च
लॅबमधली नोकरी सोडली तेव्हा हाच म्हणाला होता — आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, परकी बाई कशाला, तू घरी थांब, पैशाचं मी बघतो. बघतोय खरा. एकेक ओळ बघतोय.
सासूबाई बाजूला बसून सगळं ऐकतात. तोंडातून अवाक्षर नाही. त्यांना उठवते मी, आंघोळ घालते मी, पण कौल मुलालाच. चालायचंच.

१८ मार्च
आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.
सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं होतं. येताना औषधाच्या दुकानात शिरलो. कार्ड चालेना. दुकानदाराने पुन्हा लावून पाहिलं. मागे रांग, एक जण उगाच घसा खाकरत होता. पर्समध्ये फक्त रिक्षापुरते पैसे. औषधं तिथेच ठेवून बाहेर आलो. सासूबाईंनी माझा दंड धरला होता.
बँकेला फोन केला. मूळ कार्ड ज्यांचं, त्यांनीच हे बंद करायला सांगितलंय म्हणे.
संध्याकाळी त्याला विचारलं. आवाजही चढवला नाही त्याने. “गेल्या महिन्यात हात सैल सुटला होता तुझा. जरा शिस्त लागावी म्हणून.” आणि आईची औषधं? मला फोन करायचास की, म्हणाला. मग ऐटीत जाऊन घेऊन आला. पावती माझ्या हातात ठेवली — नोंद कर!

१९ मार्च
लिहवत नाही.

२२ मार्च
लॅबच्या मॅडमना फोन केला. सकाळच्या पाळीत जागा आहे. जेवताना सांगून टाकलं. तो म्हणाला, आईला कोण बघणार? म्हटलं, बाई ठेवू, माझ्या पगारातून.
“मग तुझ्या हातात उरणार काय? हिशोब कर जरा.”
सासूबाई ताटात बघत होत्या. वाटलं, निदान आज तरी बोलतील. त्या हात धुऊन आत गेल्या. त्याच्यापेक्षा त्यांचाच राग आला. उद्या मॅडमना नाही म्हणून कळवायचं.

२३ मार्च
मी फोन हातात घेणार, तोच सासूबाई वॉकर घेऊन एकट्या बाहेर आल्या. मुलासमोर बसल्या.
“हे घर माझ्या नावावर आहे. एक तारखेपासून तू मला भाडं द्यायचंस. त्यातून मी माझ्यासाठी बाई ठेवीन. हिला कामावर जाऊ दे.”
तो हसला.
त्या हसल्या नाहीत.