वाळूतला निळा मणी

प्रिय अविराज,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी वाचाच बसती, म्हणून लिहून सिनेमाच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. आधी पुरतं वाच, मग अप्पांवर चिडायचं तर चीड.

सिनेमावाल्यांना वाळवंट पायजे हुतं आन् तू त्यांना उजनीचं आटलेलं पात्र दावलंस. गावाची मजा झाली. धोंडाबाईचा दीपक राक्षस झालाय. रबरी नखांमुळं त्याला नाकावरची माशीसुदीक हाकलता येत न्हाय. मिशा बघून तुझ्या अप्पांना सुभेदार केलं आन् हातात लाकडी बंदूक दिली. सैनिकांचं पाणी संपलंय, वाळूतनं राक्षस निघतात आन् एकेकाला आत ओढतात, अशी गोष्ट हाय. त्यासाठी आपल्या बुडालेल्या गावाच्या कडंला, बाभळीच्या खुंटापाशी खड्डा काढला.

परवा दुपारी अप्पांनी त्या खड्ड्यावर बंदूक रोखली आन् वाळूतनं रबरी हात वर आले. मग ते पडद्यावर सगळ्यांनी बघितलं. त्या हातांमदी एक हात इवलासा हुता. मनगटात काळे मणी, मधी एक निळा. डायरेक्टर खूश, ही कल्पना कुणाची म्हणून इचारत बसला. दीपक आईची शपथ घेऊन सांगतोय, खड्ड्यात बारकं पोर कुणी नव्हतंच. अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

तवापास्नं अप्पा त्या खड्ड्यापाशीच बसून हायत. अंगावर तोच गणवेश, मांडीवर ती बंदूक. भाकरी मी तितंच नेते. म्हातारा कामात लईच शिरलाय म्हणून गाव हसतंय. पुढच्या आठवड्यात मशीन लावून खड्डा खोल करणार हायत आन् अप्पा म्हणतात, मशीन आधी माझ्यावरनं न्या.

तू लहान असताना पाणी आटलं की आमी मासे आणायला म्हणून पात्रात जायचो आन् रिकाम्या हातानं परत यायचो. तू चिडवायचास. मासे कुणाला पायजे हुते, बाळा? मी पदराआड वाटीभर दूध न्यायचे. तान्ह्या लेकराला आपल्यात अग्नी देत न्हाईत, पुरतात. धरणाचं पाणी चढायच्या आधी तुझी थोरली बहीण, छकुली, त्या बाभळीखाली ठेवली. तुला सांगायला जीभच रेटली न्हाय. ती सिनेमाची माणसं तुझं ऐकतात, कायबी कारण सांग, पण खड्डा दुसरीकडं काढायला लाव. तिच्या मनगट्या मीच ओवल्या हुत्या. काळे मणी कमी पडले, म्हणून मधी एक निळा घातला.

तुझीच,
आई