फिन्सच्या पुढची पंगत

२ जानेवारी २००२, हमरिया

आखातात सुखरूप पोचले. विमानात शेजारच्या बाईने पट्टा बांधून दिला, उतरताना मीच तिला सोडून दिला. विमानतळावर शरीफभाई आणि बिलकीसभाबी दोघं आले होते. भाबींनी गळ्यातच पडून रडायला सुरुवात केली, तेव्हा मीच त्यांना सांगितलं की रडायचं ते रडून झालंय, आता चहा पाजा.

खोली त्यांच्या ऑफिसच्या वरच आहे. खाली शिंपी, मोबाईलवाला आणि केळीच्या वेफर्सचं दुकान. खिडकीतून डोंगर दिसतो, त्याच्यावर गवताची काडी नाही. नवऱ्याने, उत्तमने, पत्रात लिहिलं होतं, इथले डोंगर भाजलेल्या वांग्यासारखे दिसतात. खरंच तसेच आहेत.

उत्तम अकरा वर्षं शरीफभाईंची जीप चालवायचा. अडीच वर्षांपूर्वी याच गावात, चहाचा कप हातात असताना गेला. शरीफभाई पेटीबरोबर थेट गुहागरपर्यंत आले होते. अग्नी दिला तेव्हा मी समोर उभी होते. बायका नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. डोळ्यांनी बघितलं म्हणून आज झोप लागते.

काम सोपं आहे. दर शुक्रवारी पाच पाहुण्यांना जीपमधून कुरियातच्या पुढे समुद्राकाठाने फिरवून आणायचं. ड्रायव्हर मजीद, जेवण माझं. शरीफभाई म्हणाले, वहिनी, तुमची सोलकढी प्यायली की गोरे परत जायचं नाव घेणार नाहीत. भाबी म्हणाल्या, ह्यांना स्वतःला अंडं उकडता येत नाही, ह्यांचं काही ऐकू नका.

त्यांची अफशा अकरा वर्षांची. माझी अर्धी ट्रंक पुस्तकांनी भरलेली बघून तिने विचारलं, मावशी, तू टीचर आहे? सांगितलं, सातवी नापास आहे, म्हणून वाचते.

४ जानेवारी

पहिली फेरी झाली. सकाळी सहाला निघालो. कुरियातनंतर डांबर संपतं आणि कच्चा रस्ता सुरू होतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे आमची जीप आणि शेळ्या. मजीद पुढच्या तिवी गावचा, हिंदी चांगलं बोलतो. दर वळणावर यल्ला, म्हणजे चल, म्हणतो, जीपला का रस्त्याला ते कळत नाही.

फिन्स गावाच्या पुढे एक लहानशी पुळण आहे, पांढऱ्या गोट्यांची. तिथे चटई घातली. पाहुण्यांत एक हॉलंडचे आजोबा होते, त्यांना डॉक्टरने मीठ बंद केलेलं. म्हणून सगळ्यांचाच भात अळणी केला होता आणि मीठ वेगळं ठेवलं होतं. सगळ्यांना वाढण्याआधी, घरी ठेवते तसा एक घास बाजूला दगडावर ठेवला. उत्तमच्या नावाने. मजीद तेव्हा टायरची हवा बघत होता.

कावळा काही दिसला नाही. वळून बघितलं तर भात नव्हता, दगड ओला होता. समुद्रपक्षी असेल. आजोबांनी दोनदा भात घेतला.

११ जानेवारी

आज दोन जर्मन बाया, एक मल्याळी मास्तर आणि त्यांची बायको, आणि नाशिकचा जितेश नावाचा मुलगा. तो इथे जवळच, रूवीत, एका कंपनीत नकाशे काढतो. कित्येक महिन्यांनी मराठी ऐकतोय म्हणाला आणि पुळणीपर्यंत बोलतच राहिला. थालीपीठ खाऊन म्हणाला, मावशी, लग्न ठरलं की बायकोला आधी तुमच्याकडे ट्रेनिंगला पाठवतो. मी म्हटलं, ती तुलाच पाठवेल. मास्तरांच्या बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती सर्वांत जास्त हसली. येत्या रविवारी जितेश माझ्यासाठी नाशिकचा चिवडा आणणार आहे. त्याच्या खोलीचा फोन नंबर माझ्या वहीत त्यानेच लिहिला.

घरची सवय, आजही एक घास ठेवला.

निघताना मजीदने डोकी मोजली. सात, बरोबर. मीही मोजली. सात.

फक्त परतताना जितेश एक शब्द बोलला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला होता, केस ओले. ऊन लागलं असेल म्हणून पाण्याची बाटली पुढे केली, घेतली नाही. वादी अदैच्या सिग्नलला उतरून चालू लागला. मागून बघताना वाटलं, सकाळी हा एवढा उंच नव्हता.

१२ जानेवारी

शरीफभाईंच्या रजिस्टरमध्ये कालचे चारच पाहुणे आहेत. मी म्हटलं, जितेश राहिला. ते म्हणाले, कोण जितेश? मजीदला विचारलं. तो म्हणाला, खाला, चार लोक होते, एक सीट रिकामी होती. मग सात कसे मोजलेस, विचारलं. तो म्हणाला, चहा पिऊ.

१३ जानेवारी

रविवार. चिवडा नाही, जितेश नाही. वहीतल्या नंबरवर फोन केला. फोनवरच्या मुलाने सांगितलं, इथे आम्ही तिघंच राहतो, चौथी खाट आहे पण तिच्यावर आम्ही कपडे टाकतो. ते कपडे कोणाचे आहेत ते बघ, म्हटलं. तो गेला. परत आला तेव्हा आवाज बदलला होता. शर्ट आमच्यापैकी कोणाच्याच मापाचे नाहीत, म्हणाला. आणि फोन ठेवला.

मला लोक वेडी समजतील. समजू देत. अक्षर त्याचं आहे, वही माझी आहे.

१८ जानेवारी

वाटेत मजीदला विचारलं, त्या पुळणीबद्दल त्याच्या घरचे काय म्हणतात. आधी हसला. मग म्हणाला, त्याची आजी तिथे कोणाला जेवू देत नसे. फुटलेल्या गलबतांची बुडालेली माणसं तिथे किनाऱ्याला लागायची. त्यांना मीठ चालत नाही, पोटात समुद्रच आहे. कोणी त्यांना अळणी जेवण दिलं की ते ओळख धरतात, आणि ज्याच्याबरोबर जेवले त्याच्याबरोबर प्रवासाला निघतात. वाहनात जागा नसली तर कोणाचीतरी घेतात. ज्याची घेतली, तो लोकांच्या डोक्यातूनही जातो.

आमच्याकडेही अळणी भात देवाला नाही, पितरांना नाही, वेशीबाहेरच्यांसाठी ठेवतात. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट. आणि मी आजोबांच्या ब्लडप्रेशरच्या नादात नवऱ्याच्या नावाने तेच वाढलं, ज्याला ते चालत नाही त्याच्या नावाने, ज्याला चालतं त्याच्या दारात. चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

आज पाहुणे चारच होते. घास ठेवला नाही. तरी चटईवर पाच जण बसले. चौघांनी सरकून त्या पाचव्याला जागा केली, बोलता बोलता, न बघता. त्याने लोणचं, मासे, काही घेतलं नाही. मी मुद्दाम भातात मीठ घातलं होतं. पान पुढे ओढलं, वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. चेहरा होता, पण वाचून झाल्यावर लक्षात न राहणाऱ्या पानासारखा.

मग पाण्याकडे बघितलं. कंबरेएवढ्या पाण्यात जितेश उभा होता. हात हलवत होता. मी धावले तेवढा तो मागे गेला.

जीपमध्ये रिकाम्या जागी तो पाचवा बसला. मजीदने सात मोजले.

२० जानेवारी

शरीफभाईंना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी जितेशचं अक्षर बघितलं, अंगठ्याने पुसून बघितलं. मग म्हणाले, वहिनी, एकट्या असता, उत्तमची जीप, उत्तमचा रस्ता, मनावर येतं. थोडे दिवस विश्रांती घ्या, शुक्रवारी बिलकीस जेवण करून देईल, जीप जाईलच.

म्हणजे मोजणारं कोणीच नसताना जाईल.

मी सांगितलं, मला विश्रांती नको. उत्तम गेल्यावर गावात हळदीकुंकवाला घरं मोजताना माझं घर वगळायचे. समोरून जायचे आणि दिसत नसल्यासारखं करायचे. न मोजलेल्या माणसाचं काय होतं ते मला शिकवू नका. त्या पोराला घेऊन येणार आहे.

भाबी रडायला लागल्या. शरीफभाई उठून नमाजाला गेले.

२४ जानेवारी

उद्या अफशालाही पाठवतायत. शाळेत शंखशिंपल्यांचा प्रोजेक्ट. मी नको म्हटलं, दारात आडवी बसले. शरीफभाई पहिल्यांदा माझ्यावर चिडले. म्हणाले, वहिनी, माझ्या पोरीच्या डोक्यात भुतं घालू नका. पोरीने शूज आणि पिशवी आत्ताच दाराशी ठेवलेत.

ठीक. ती जाणार असेल तर मीही तिच्याबरोबर जाणार.

वहीत लिहून ठेवते. अफशा. वडील शरीफ, आई बिलकीस. मूळ गाव श्रीवर्धन. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. कांदा काढून टाकते. हसताना नाक उडवते. हे मी आज, चोवीस जानेवारीला, शुद्धीत लिहिलं आहे.

२५ जानेवारी

सकाळी ८. कुरियात. चार पाहुणे, अफशा, मजीद, मी. सात. पोरगी गाणी म्हणतेय.

११.३०. पुळण. वेगळीकडे थांब म्हणून मजीदला किती सांगितलं. थांबवलं दुसरीकडेच, उतरलो ते इथेच.

१२.१५. चटईवर तो आहे. अफशाच्या शेजारी. तिला मी माझ्या मांडीजवळ ओढलं. जितेश पाण्यात. आज छातीपर्यंत.

१२.४०. मजीद मला हळूच विचारतोय, खाला, ही मुलगी कोणाची? म्हटलं, तुझ्या मालकाची. तो म्हणाला, मालकाला मूलबाळ नाही.

पाहुणे तिला ओलांडून ताटं घेतायत.

१२.५०. क्षणभर हात सुटला. पोरगी पाण्याशी. घोटे भिजलेले. तिला विचारलं काय झालं, तर ती म्हणाली, मावशी, माझं नाव तुला माहीत आहे का?

वही उघडून मोठ्याने वाचलं. सगळं. कांद्यापर्यंत. नाक उडवून रडली. धरलं.

१.०५. तो जीपमध्ये जाऊन बसलाय. तिच्या जागेवर.

विचार कर वसुंधरा.

पाहुणा आहे ना. जेवायला आला होता, गेल्या खेपेला उपाशी उठला. आमच्याकडे असं चालत नाही. पंगतीला बोलावलेला माणूस, वाढणारीचा हात थांबेपर्यंत उठत नाही.

१.१०. त्या हॉलंडच्या आजोबांसाठी केला होता तसा एक डबा अळणी भात आणलाच होता. का आणला मला माहीत होतं. उघडला. पान मांडलं. हाक मारली, या, बसा, राहून गेलं होतं.

उतरला. आला. बसला.

अफशाला माझ्या जागेवर, पुढे. पट्टा मी बांधला. एक जागा अजून मोकळी. पाण्याकडे तोंड करून जितेशचं नाव, नाशिक, रूवी, खोलीचा नंबर, सगळं वाचलं. थालीपीठसुद्धा. तो चालत बाहेर आला. खोकत. मजीदने मोजलं, सात, आणि मला न बघता दार लावलं.

मजीद, यल्ला. जा.

१.२५. धूळ दिसेनाशी झाली. पोरगी मागच्या काचेतून बघत होती. तिने हात हलवला. कोणाला हलवतेय हे तिला किती वेळ लक्षात राहील—

राहू दे. घरी पोचू दे.

१.४०. वाढतेय. एका हाताने डाव, एका हाताने हे. तो भराभर जेवतो. मी थोडं थोडं वाढते.

२.०० असावेत. त्याचा चेहरा भरत चाललाय. भुवया. हनुवटीचा खड्डा. आता तो उत्तमसारखा मांडी घालून बसलाय, उजवा गुडघा वर. माझ्याकडे बघून म्हणतोय, वसू, चल.

म्हटलं, माझ्या माणसाला मी जळताना बघितलंय. तू जेव.

पाणी चटईला लागलं. अजून एक बसलाय. त्याच्या मागे अजून. ओले. पानं नाहीत, दगड मांडले. बसा. सगळे बसा.

डबा रिकामा. त्यांना कळलेलं नाही. रिकामा डाव फिरवतेय आणि म्हणतेय, सावकाश—

पहिला म्हणतोय, आता तू बस आमच्यात. जागा आहे.

म्हटलं, घाई कसली? आमच्यात वाढणारी शेवटी जेवते. आधी ही पंगत उठू दे, मग दुसरी, मग—