साहेबांचा हिरवा पूर

ती. मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? मामींचा रक्तदाब तुमच्या वागण्यावर अवलंबून असतो, म्हणून तो वेगळा विचारत नाही. मी ठणठणीत आहे. फक्त एक चप्पल वाहून गेली. ती कशी, ते ऐका.

नदीकाठच्या खोलगट जागेत नवी वसाहत होणार आहे. तिथे पुराचा धोका किती, हे तपासायचं काम आमच्या नगररचना कार्यालयाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. (साहेबांकडे फक्त सही असते, तीही वाकडी.) बाहेरून एक सल्लागार मागवला होता. माणूस वाईट नाही, पण कणा घरी विसरून येतो. त्याने संगणकावर नकाशा काढला आणि बुडणारी जमीन लाल दाखवली. जवळजवळ सगळाच नकाशा लाल झाला. साहेब म्हणाले, लाल डोळ्यांना खुपतो, जरा नारिंगी करा. मग नारिंगीचा पिवळा झाला आणि चहा येईपर्यंत पिवळ्याचा पोपटी. मी म्हटलं, साहेब, पाणी रंग बघून येत नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाऊस मीच पाडते.

शेवटी जागेवर जायचं ठरलं. बिल्डरने मांडव घातला होता, खाली गालिचा, वर पंखा. मी साहेबांना जवळच्या जुन्या पंपघराच्या भिंतीवर गाळाची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्याही वर. साहेबांनी ती चष्मा पुसून पाहिली.

"म्हशींनी अंग घासलं असेल."

"एवढ्या उंच म्हशी, साहेब?"

"जात वेगळी असेल."

(या माणसाला सरकार पगार देतं, मामा, आणि वर गाडी.)

वरच्या अंगाला पाऊस झाला होता, हे आम्हाला आधी गालिच्याने सांगितलं. तो फुगला, डुलला आणि चक्क तरंगायला लागला. माझी एक चप्पल तेव्हाच वाहून गेली. साहेब टेबलावर चढले. सल्लागार संगणक डोक्यावर धरून खुर्चीवर उभा, आणि त्याच्या पडद्यावर आम्ही उभे होतो ती जागा अजून पोपटीच. बिल्डर गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगत होता, की लोक अशा पाणथळ वातावरणासाठी शहर सोडून लांब जातात. अखेर जेसीबी आला आणि साहेबांना खोऱ्यात बसवून बाहेर काढलं. खोऱ्यातूनसुद्धा ते ओरडत होते, "पाणी तात्पुरतं आहे!" (साहेब मात्र कायम आहेत, हेच दुःख.)

वाटलं, आता तरी अक्कल येईल. दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी निर्णय दिला: कोणी बुडालं नाही, सबब धोका किरकोळ. इथवर मी हसले असते. पण नकाशात सगळ्यात खालच्या तुकड्यावर बालवाडी आहे. उंचावरची जागा विकायची, म्हणून पोरं खड्ड्यात. मी उभी राहिले आणि म्हटलं, काल पाणी बिल्डरच्या गुडघ्यापर्यंत होतं, बालवाडीच्या त्याहून खोल तुकड्यात ते तीन वर्षांच्या पोराच्या गळ्याशी येईल. साहेब म्हणाले, "लहानपणीच पोहायला शिकतील." दोघे-तिघे हसले, मामा. तपासणीच्या अहवालावर मी माझी सही करणार नाही असं सांगून बाहेर आले. आता माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली आहे. खुर्ची बरी आहे.

मामींना नमस्कार. स्वतःला जपा.

तुमची,
हट्टी भाची

ता. क. : सोमवारी या वसाहतीवर जाहीर सुनावणी आहे. नोकरीत असल्यामुळे मला तोंड उघडता येत नाही, नागरिकांना येतं. मामी म्हणतात, तुमची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. गुडघ्यांना तेल लावा आणि याच. बालवाडीचं बोलायला दुसरं कोणी नाही.

ता. क. २ : आत्ताच कळलं, साहेबांनी तिथे स्वतःसाठी घर राखून ठेवलंय. सातव्या मजल्यावर. मामा, सभेत पहिल्यांदा हेच सांगा.