जावयाचं प्रवाळ, आमचं पातेलं

५ जाने., गुरुवार
केतकी आणि निखिल पहाटे निघाले. जर्मनी, चार आठवडे, कंपनीचं काम. लेक जाताना रडली नाही. जावई मात्र माशांच्या टाकीपाशी दोनदा परत फिरला. त्यांचा फ्लॅट आमच्याच सोसायटीत, बी विंग, म्हणून पहारा आमच्याकडे. चार फुटी काचेत खारं पाणी, दोन मासे, दगड आणि दगडांवर चिकटवलेली प्रवाळं. नि. यवतमाळचा. समुद्र पाहिला तो इंजिनियर झाल्यावर. नोकरी लागताच एक घरी आणून ठेवला.
सूचना दोन पानी. ‘आपण कृपया रोज खुणेपर्यंत पाणी भरावे.’ माझ्याशी हा कायम रजेच्या अर्जासारखा बोलतो. हिंजवडीच्या बसमध्ये मित्रांशी कसा बोलतो कोण जाणे.

८ जाने., रविवार
पाणी भरलं. पंप चालू. मासे माझ्याकडे बघत नाहीत. नववी ‘ब’ची आठवण झाली.
सर्वांत देखणी ती ‘झोआ’. सुपारीएवढ्या खड्यावर तीसेक हिरवी तोंडं, प्रत्येकाला केशरी किनार. दिवा लागला की उमलतात, विझला की मिटतात. लग्नानंतर नि. आणि के. यांनी दोघांनी मिळून चिकटवलेलं हे पहिलं. आधी भांडी लावायची सोडून हे करत बसले होते, असं सौ. तेव्हा म्हणाली होती.
आज पाऊण तास बसलो समोर. सौ.: “माझ्याकडे बघितलं होतं का हो कधी इतका वेळ?” उत्तर सुचलं, दिलं नाही. तीस वर्षांचा अनुभव.

११ जाने., बुधवार
घात. काच चाटत फिरणाऱ्या टाकीतल्या एका गोगलगायीने ढकलून झोआ पाडली. वाळूत पालथी. सगळी तोंडं मिटलेली.
नि.ला फोन. तो शांत. “काही हरकत नाही बाबा. सुपरग्लू मिळतो, फक्त जेल स्वरूपातला आणावा. पातळ नको. हातमोजे घालावेत.” मग हळू आवाजात, “केतकीला एवढ्यात सांगू नये, ही विनंती.”
म्हणजे हरकत आहे.

१२ जाने., गुरुवार
शाळा सुटल्यावर जेल आणला. दुकानदार: “काय चिकटवायचंय?” म्हटलं, प्रवाळ. “अंगठीतलं?” म्हटलं, हो. कोण समजावत बसणार.
झोआ बाहेर काढली, बूड टिश्यूने टिपलं, जेलचा गोळा लावला, पाण्यात नेऊन दगडावर दाबली. बसली. मोजे काढले आणि मग ट्यूबचं टोपण लावायला गेलो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना घट्ट. ज्ञानमुद्रा. पंधरा मिनिटं ऋषी होऊन बसलो. सौ.ने कोमट साबणाच्या पाण्यात हात धरून मोक्ष दिला. हसत होती. पोरीच्या जन्मानंतर एवढी हसलेली आठवत नाही.

१३ जाने., शुक्रवार
सकाळी झोआ पुन्हा वाळूत. जेलचा पांढरा तुकडा तिच्या बुडाशी तसाच चिकटलेला, दगडाने मात्र सोडून दिलं.
नि. म्हणाला, दगडावर शेवाळाची बुळबुळ असणार, ती पुसली का? नव्हती पुसली. सूचनेतही नव्हतं, पण तेवढं आम्हाला कळायला हवं होतं. बाल्कनीतल्या बादलीत एक जुना, कोरडा दगड आहे, हवं तर तो ‘स्वच्छ करून’ वापरावा, असं म्हणाला.

१४ जाने., शनिवार
हे नीट लिहून ठेवतो.
‘स्वच्छ करणे’ म्हणजे काय, यावर आमच्या घरात दुमत नाही. दूध उकळतं, पाणी उकळतं, लोणच्याच्या बरण्या उकळतात. केतकीच्या बाहुल्यासुद्धा एकदा उकळल्या होत्या. सौ. नि.च्या ओट्यावर दगड धुऊन घरच्या मोठ्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवत होती. दगडावर जुन्या झोआंचे वाळलेले पोपडे होते. मी दुपारी नि.ला लॅपटॉपवर दाखवत होतो, बघ, कशी जय्यत तयारी.
त्याने विचारलं, “मागे गॅसवर काय आहे?”
“तुझा दगड. निर्जंतुक करतोय.”
नि.चा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.
“आई, गॅस बंद करा! पयले बंद करा! खिडक्या उघडा अन् दोघंबी बाहेर व्हा!”
सौ.ने बंद केला. पाणी अजून उकळायचं होतं, तळाशी बुडबुडे. लॅपटॉप काखेत घेऊन दोघं जिन्यात. तो सांगत होता, यातल्या काही जातींत फार जहरी विष असतं, दगड उकळला की वाफेतून छातीत जातं, माणसं दवाखान्यात पोचलीत. सौ. म्हणाली, “अरे, पण झोआ टाकीतच आहे, तिला काही झालं नाही.”
“मरू द्या ते! तुमाले काई झालं असतं तं मी केतकीले काय सांगतलं असतं? मीच लिहून ठिवायले पायजे होतं. मीच.”
त्याने डोळे पुसले की कॅमेरा हलला, नक्की सांगता येत नाही.
तासभर जिन्यात बसलो. खोकला नाही, छाती ठीक. दगड आणि पातेलं दोन्ही गार झाल्यावर त्याने सांगितलं तसं मोजे घालून, पिशवीत बांधून बाद. पातेलं सौ.च्या माहेरचं. पिशवीची गाठ तिनेच मारली, म्हणजे किती घाबरली असेल.
दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो ‘मले चहा नको’ म्हणाला होता. मी हसून म्हटलं होतं, ‘मला’. त्या दिवसापासून अर्ज सुरू झाले. हे आज जिन्यात कळलं. शिकवणं हा माझा धंदा, पण गिऱ्हाईक तरी पाहायला हवं होतं.

१६ जाने., सोमवार
काल संक्रांत, तिळगूळ फोनवर. आज शाळेतून अर्धी रजा.
सौ. स्कूटीवर निघाल्यासारखी तयार: स्कार्फ, गॉगल. फक्त कोपरापर्यंतच्या सुती हातमोज्यांऐवजी रबरी. मला माझा गॉगल. नि. लॅपटॉपवरून बघतोय, के. त्याच्या मागे. तिला सगळं कळलं आहे. पातेल्याबद्दल जास्त ओरडली.
पंप बंद. जुन्या टूथब्रशने, पाण्याखालीच, मोठ्या दगडावरची दोन बोटं जागा सौ.ने घासली. कोरडं खरवडायचं नाही, उडतं. मी झोआचं बूड टिपलं, जुना जेल सोलला, नवा गोळा लावला. आत नेऊन दाबताना किंचित फिरवायचं, म्हणजे वरची साय फुटून आतला ओला जेल दगडाला भिडतो. धरलं. नि. मोजतोय: “अजून थोडं… अजून… आता हळूच सोडावं.”
सोडलं. राहिली.
हात दोनदा धुतले. डोळ्यांना लावले नाहीत.
नि.: “आपण फारच छान केलंत बाबा.”
आपण. परत अर्ज.

२१ जाने., शनिवार
झोआ दगड धरून आहे. पण सगळी तोंडं मिटलेली. सौ. रोज सकाळी जाऊन तिच्याशी बोलते. काय बोलते ते मला सांगत नाही.

२८ जाने., शनिवार
चार उघडली. कडेची दोन पांढरट पडलीत. फोटो पाठवले. नि.: “वाट पाहावी लागेल. जगतीलही.” के. मागून: “बाबा, मेली तरी आम्ही तुम्हाला घरात घेऊ.”

३ फेब्रु., शुक्रवार
उद्या दुपारी येतात. आज अकरा उघडी. पांढरट आता तीन. कोणत्या बाजूने जाणार, सांगता येत नाही. नि.ही सांगत नाही.
संध्याकाळी त्याला एकट्यालाच फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, कागद काही वाचला नाही. म्हटलं, निखिल, त्या दिवशी चहाच्या वेळी तुला टोकलं, ते चुकलं माझं. घरी बोलतोस तसं बोल माझ्याशी.
पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.
मग: “जी बाबा. आपल्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करण्यात येईल.”
थट्टा होती की सवय, कळलं नाही. त्याच्या आवाजावरूनही कळेना. सौ.ला सांगितलं, तर म्हणाली, उद्या विमानतळावर गेल्याशिवाय कसं कळेल, चला, लवकर झोपा.