नववं प्रकरण चार वेळा

अब्बा,

माझी कादंबरी छापून आली त्याला आता आठ महिने होतील. तुम्ही असतात तर आधी पुठ्ठा वाकवून पाहिला असता, कण्यावरून अंगठा फिरवला असता आणि आत काय लिहिलंय ते विचारायच्या आधीच "शिलाई नाही, नुसतं चिकटवलंय" म्हणून पुस्तक बाजूला ठेवलं असतंत. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि अजूनही कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मी आधी शिलाई बघते. वर्गात मुलं हसतात. मराठीच्या बाई धडा उघडायच्या आधी पुस्तकाची पाठ का बघतात, हे त्यांना कोण सांगणार? या पुस्तकावरून सध्या जे काही चाललंय ते तुम्हाला सांगावं असं बरेच दिवस मनात आहे. एक तर त्यातला अर्धा दोष तुमच्या बाइंडिंगच्या कारखान्याचा आहे, आणि दुसरं म्हणजे काल मी एक निर्णय घेतलाय.

कादंबरी म्हणजे भयकथा आहे, पण तिच्यात भूत नाही. धायरीतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी एक बाई आहे. तिला वाटतं की आपल्या स्वयंपाकघरात कोणीतरी आहे. भांडं पडत नाही, दार आपटत नाही. फक्त ती जे बोलणार असते ते तिला थोडं आधी तिथून ऐकू येतं, तिच्याच आवाजात. घरचे म्हणतात, कोणी नाही. आठ प्रकरणं अशी सरळ जातात. नववं प्रकरण मात्र चार वेळा येतं. तीच दुपार, तीच ओट्यापुढची जागा, जवळजवळ तीच वाक्यं, पण दर वेळी काहीतरी जरासं सरकलेलं. खिडकी उघडी आहे, मग बंद आहे, मग उघडी आहे पण पडदा नाही. शेवटी तिथे खरंच कोणी होतं की नव्हतं हे पुस्तक सांगत नाही.

पहिल्याच महिन्यात बुधवार पेठेतल्या एका पुस्तकवाल्यांचा फोन आला. "बाई, तुमची चौथी प्रत परत आली. गिऱ्हाईक म्हणतं, पानं दुबार लागलीत."

"दुबार नाहीत हो. तसंच लिहिलंय."

"ते मला ठाऊक आहे. आता गिऱ्हाइकाला पटवायला तुम्ही स्वतः दुकानात येऊन बसता का?"

मग पत्रं यायला लागली, मोबाइलवर निरोप यायला लागले. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी पोस्टकार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "आपली कादंबरी वाचली. नववे प्रकरण पहिल्यांदा आवडले. पुढील तीन वेळा नाही." मी ते कार्ड कपाटाच्या दारावर लावलंय. हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलीने लिहिलं की दुपारी दोन वाजता वाचून संपवलं आणि पाणी प्यायला किचनमध्ये जायचं तर शेजारच्या काकूंना हाक मारली. तिच्याच ऑफिसातला कोणी म्हणाला, "मॅडम, बिल्डअप एक नंबर, पण एंडिंग कुठाय?" एका परीक्षकांना हे पुस्तक म्हणजे वाचकाची चेष्टा वाटली, दुसऱ्यांनी दोनदा वाचून माझ्याशी तासभर फोनवर बोलायचं ठरवलं आणि बोललेही. मधलं काही नाही, अब्बा. डोक्यावर घेणारे आहेत नाहीतर भिरकावणारे आहेत. मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू.

चार वेळा का, असं प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर तुमच्या कारखान्यात आहे. मी आठवीत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती आणि तुम्ही मला पानं जुळवायला बसवलं होतंत. सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे लांब फळीवर ओळीने रचलेले असायचे. एका टोकाकडून चालत जायचं, प्रत्येक गठ्ठ्यातला एक उचलायचा, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत हातात पुस्तक तयार. खळीचा आंबूस वास, वर गरगरणारा पंखा, उडू नयेत म्हणून फर्म्यांवर ठेवलेली लोखंडी वजनं. मी चालता चालता स्वप्नं बघत होते आणि कितीतरी प्रतींमध्ये एकच फर्मा दोनदा घातला. शिलाई झाल्यावर तुमच्या लक्षात आलं. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्यासमोर त्या सगळ्या प्रती ठेवल्यात, हातात ब्लेड दिलंत आणि म्हणालात, "उसव." मी दोन दिवस धागे उसवत बसले. दुसऱ्या दिवशी रडत विचारलं, की एवढं काय झालं, वाचणारा ती पानं उलटून पुढे जाईल. तुम्ही माझ्याजवळ खाली बसलात. "तो अडखळेल," तुम्ही म्हणालात. "त्याला वाटेल, हे मी वाचलंय की काय. मग वाटेल, माझंच काहीतरी चुकतंय. चूक आपली आणि शंका त्याला स्वतःची. असं कुणाला करू नये."

हे बोलताना तुमची नजर माझ्याकडे नव्हती. अम्मीबद्दल बोलताय हे मला तेव्हा कळलं नाही. अम्मीला त्या वर्षी स्वयंपाकघरातून आवाज ऐकू यायला लागला होता.

आपल्या भवानी पेठेतल्या दोन खोल्या मला आता डोळे न मिटताही दिसतात. आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर, उजवीकडे स्टोव्ह, खिडकीखाली पाण्याचा माठ. अम्मी दारात उभी राहायची आणि आत पाऊल टाकायची नाही. "ती बघ, माझ्याआधी बोलली," म्हणायची. तुम्ही रोज आधी आत जायचात, माठाच्या मागे, ओट्याखाली बघायचात आणि म्हणायचात, "बघ, कोणी नाही." ती मान हलवायची. पण प्रत्येक 'कोणी नाही' नंतर ती जराशी आणखी आक्रसायची, हे मी बघत होते. चूक आपली आहे असं तिला दर वेळी नव्याने वाटत होतं. मग एका शुक्रवारी तुम्ही नमाजानंतर जेवायला घरी आलात. तिने चार दिवस धड काही खाल्लं नव्हतं. तुम्ही टोपी खुंटीला लावलीत, स्टोव्हला पंप मारलात, स्वतः चहा केलात. ओट्यावर तीन कप ठेवलेत. एक तिचा, एक तुमचा आणि एक खिडकीपाशी, माठाच्या बाजूला. आणि खिडकीकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणालात, "बसा."

अम्मी तुमच्याकडे बघतेय. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग ती आत येते, पाट ओढते, बसते. चहा पिते, दोन बटर बुडवून खाते. सोमवारी कारखाना बंद ठेवून तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलंत. गोळ्या सुरू झाल्या आणि ती हळूहळू सावरली. त्यानंतर पुष्कळ वर्षं ती चांगली जगली, माझं लग्न केलं, नातवंडं खेळवली. पण मी लिहायला बसले तेव्हा डॉक्टरांची खोली लिहिली गेली नाही, तो शुक्रवारच पुन्हा पुन्हा लिहिला गेला. वाचणाऱ्याला अडखळू देऊ नये हे तुम्ही शिकवलंत. मी मुद्दाम अडखळू दिलं. अम्मीला दारात उभं राहून काय वाटत असेल, ते बाहेरून सांगून कळत नाही, अब्बा. मला वाचणाऱ्याला त्या उंबऱ्यावर उभं करायचं होतं.

हे सगळं मला पक्कं वाटत होतं, गेल्या महिन्यातल्या त्या रविवारपर्यंत. इथल्या वाचनालयाने सकाळी अकराला वाचकांशी गप्पा ठेवल्या होत्या. तीसेक माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दोन आजोबा नवव्या प्रकरणावरून एकमेकांशीच भांडले, मला फक्त ऐकायचं होतं. एक मुलगी उठून म्हणाली, की माझ्या बहिणीला असं होतं, आम्ही तिला गप्प बस म्हणायचो, पुस्तक वाचून मी पहिल्यांदा तिच्याशेजारी जाऊन बसले. टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. साधारण माझ्या वयाच्या, हातात मंडईची पिशवी, तिच्यातून मेथी डोकावत होती.

"माझ्या मुलाला असं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "गोळ्या घेतो. रोज कामावर जातो, डबा घेऊन. आमच्या सोसायटीत तुमचं पुस्तक फिरतंय. परवा लिफ्टमध्ये एक बाई त्याला बघून बाहेर उतरली. आता याला भयकथा कशाला म्हणायचं, मला सांगा. भीती कुणाची?"

मी एवढंच म्हणाले, "भीती कादंबरीतल्या बाईला वाटते, ती कुणाला घाबरवत नाही. पण तुम्ही म्हणता ते मी आधी विचारात घ्यायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "हो, हवं होतं," आणि बसल्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्यामागे जिना उतरून खाली गेले. अम्मीचं सगळं सांगितलं. आजवर कुणा परक्या माणसाला सांगितलं नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हे तिथे वर का नाही सांगितलंत?" वर मला कोणीतरी विचारलं होतं, की हे अनुभवातून आलंय का, आणि मी हसून म्हणाले होते, "छे, सगळी कल्पना."

त्याच आठवड्यात प्रकाशकांचा फोन. सभ्य माणूस आहे, माझ्याहून लहान. दुसरी आवृत्ती काढू म्हणाले, पण नववं प्रकरण एकदाच ठेवू आणि शेवटी आठ-दहा पानं डॉक्टरांच्या तोंडी देऊ. "म्हणजे बाईंना काय झालंय ते स्पष्ट होईल. तक्रारी थांबतील." मी म्हटलं, कळवते. त्या मेथीवाल्या बाई डोळ्यांपुढे होत्या, म्हणून मला ते एकदम झटकता येईना.

मग धाकटा आला. कोंढव्याहून स्कूटरवर, भर उन्हात, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून. बसायच्या आधीच म्हणाला, "आपा, तू अम्मीला चव्हाट्यावर आणलंस."

"तिचं नाव कुठे आहे?"

"नाव कशाला हवंय? माठ आहे ना. लोक विचारतात, तुमच्याकडे असं होतं का."

"मग तू काय सांगतोस?"

तो खाली बघून म्हणाला, "नाही म्हणतो."

"मीसुद्धा तेच म्हणाले," मी म्हटलं.

पाणी प्यायल्यावर तो थोडा निवला. त्या शुक्रवारी तो सहा वर्षांचा होता, त्याला काही आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण तो म्हणाला, "तो तिसरा चहा अब्बांनी नंतर मोरीपाशी उभं राहून प्यायला. गार झालेला. मी बघितलंय. ते नाटक करत होते, आपा, अम्मीने खावं म्हणून. तू मात्र पुस्तकात असं लिहिलंस की जणू त्यांनाही ऐकू येत होतं."

"मी तसं लिहिलेलं नाही. नाटक होतं असंही लिहिलेलं नाही."

"तेच तर," तो म्हणाला. "लिही ना मग. सांग ना, ते शहाणे होते म्हणून."

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. वाचकांच्या दोन बाजूंचं मला कौतुक वाटत होतं, आणि त्या आपल्या घरात, दोन भावंडांत पहिल्यापासून होत्या. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. तुम्ही अम्मीला डॉक्टरांकडे नेलंत, पण त्याआधी तिच्याशी वाद घालणं बंद केलंत. खरं काय ते न ठरवताच तिच्याबरोबर चहा प्यायलात. शेवटी डॉक्टर आणून बसवला की तो शुक्रवार पुन्हा 'बघ, कोणी नाही' होईल. ते मी होऊ देणार नाही.

म्हणून काल सकाळी प्रकाशकांना कळवलं. नववं प्रकरण चारही वेळा राहील. शेवट आहे तसाच राहील. आवृत्ती काढायची नसेल तर काढू नका. फक्त सुरुवातीला एक पान वाढेल, माझ्या सहीचं, की हे माझ्या आईच्या आजारातून आलंय, ती बरी झाली, आणि तिने आयुष्यात कुणालाही घाबरवलं नाही. प्रकाशक म्हणाले, "तक्रारी येतच राहतील." मी म्हटलं, येऊ देत, मी उत्तरं देईन. मग धाकट्याला फोन करून ते पान वाचून दाखवलं. त्याने 'ठीक' म्हटलं नाही. "माठ पुस्तकात आहे तिथेच राहू दे," एवढंच म्हणाला. आणि त्या मेथीवाल्या बाईंना त्यांच्या परवानगीने येत्या रविवारी भेटायला जाणार आहे. ते पान आधी त्यांना दाखवायचंय. त्या खोडतील ते खोडेन.

आता राहिलं ते एवढंच. शेवट मोकळा सोडला याला कोणी धाडस म्हणतं, कोणी आगाऊपणा. मी दोन्ही ऐकून घेते, आणि दोन्ही खरं नाही. अम्मी गेल्यावर तुम्ही सहा वर्षं माझ्याकडे होतात. रोज सकाळी आपण समोरासमोर बसून चहा प्यायचो, कितीतरी वेळ असायचा. त्या शुक्रवारी तुम्हाला काही ऐकू आलं होतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही 'हो' म्हणाल याची भीती होती, 'नाही' म्हणाल याची त्याहून जास्त. कादंबरीला शेवट नाही, कारण तो मला माहीत नाही. हे मी प्रकाशकांना सांगितलेलं नाही, धाकट्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही.