दादाच्या दुकानातल्या गोळ्या

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला नाही, याचं मलाच नवल वाटलं. तुझ्या औषधांच्या दुकानाला नवी पाटी लागली म्हणे. छान. मी अजून शिवणकामच करते, उजव्या हातात पूर्ण ताकद आलीय. ती का गेली होती, हे तुला चांगलं ठाऊक आहे. पोटात कळा यायच्या, कशातच मन लागत नव्हतं, केस विंचरणंसुद्धा जिवावर यायचं. "नाटकं पुरे," म्हणालास आणि डॉक्टरांना न विचारता दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून दिल्यास. आठवड्याच्या आत माझे हातपाय लुळे पडले. इस्पितळात सगळ्यांना काय सांगितलंस? "हिनं जीव द्यायला गोळ्या खाल्ल्या." ठरलेलं लग्न मोडलं. आई तेच मनात घेऊन गेली. मला बोलता येत नव्हतं आणि तू माझ्या उशाशी बसून डोळे पुसत होतास. वा रे वा!

छडा लावला तो तिथल्या डॉक्टरीणबाईंनी. माझी लघवी उन्हात ठेवली की काळपट लाल व्हायची, त्यावरून. रक्ताचा लाल रंग तयार होण्यातच जन्मजात बिघाड, घराण्यातून आलेला. अशा माणसाला काही औषधं विषासारखी, तू दिलेल्या गोळ्याही त्यातल्याच. पण बाई म्हणाल्या, "म्हणून मनाचा आजार तसाच सोडायचा नाही. तुझ्या अंगाला चालेल असं औषध निवडू." ती गोळी, वेळेवर जेवण, दर आठवड्याला त्यांच्याशी बोलणं. कितीतरी महिने गेले, मग एकदा मशीन चालवताना मी गुणगुणत होते, माझं मलाच कळलं नाही. हे सगळं तुला कळवलं, तर म्हणालास, "असले रोग आपल्या घराण्यात नाहीत."

वहिनी माहेरी गेलेली नाही, दादा. ती आणि तुझी चिमणी माझ्याकडे आहेत. पोरीला तशाच कळा, तसंच गप्प गप्प बसणं, आणि तू तिलाही त्याच गोळ्या दिल्यास. वहिनीनं त्या फेकून दिल्या नि तिला घेऊन निघाली. तपासणी झाली. तोच बिघाड, तुझ्याकडून आलेला. उपचार सुरू झालेत. काल चिमणी पोटभर जेवली. तिनं माझ्या आजारपणाचं विचारलं, मी तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. तू तिला न्यायला येशीलच. ये. दार तीच उघडेल आणि आत्याला गोळ्या कुणी दिल्या, हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय आत घेणार नाही. मी मागे खुर्ची टाकून बसणार आहे. मला तुझा चेहरा बघायचाय.

तुझीच,
जीव न दिलेली बहीण